पाटा, वरवंटा आणि पहिला संप

(माहीम येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेत 'प्राचीन इजिप्तमधील दळणाचे दगड' हा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना तो छपाईचा दोष वाटला असल्यास नवल नाही. महागाई, कंत्राटी कामगार, चाळींचा पुनर्विकास हे हाताशी असलेले विषय सोडून चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दगडांकडे वळण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न रास्तच आहे. तूर्त एवढेच सांगतो की हे दगड या सभागृहापासून फार दूर नाहीत. माहीममध्ये जुनी चाळ रिकामी होऊ लागली की जिन्याखाली किंवा गटाराच्या कडेला टाकून दिलेला पाटा दिसतो. नव्या इमारतीतल्या घरात त्याला जागा नसते आणि भंगारवाल्याला त्याचा उपयोग नसतो. इजिप्तमधला दळणाचा दगड याच कुळातला आहे.

इजिप्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभा राहतो. तो कोणी बांधला, किती माणसे राबली, यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत आणि ते योग्यच आहे. गिझाच्या पिरॅमिडांजवळ मजुरांची वसाहत सापडली. १९९१ साली तेथे भट्टीखाने उकरून काढण्यात आले आणि मजुरांच्या हजारो भाकऱ्या कोठे भाजल्या जात असाव्यात, याचा अंदाज आला. पण भाकरी भाजण्यापूर्वी पीठ लागते. ते पीठ कोणी केले?

याचे उत्तर राजांच्या शिलालेखांत सापडत नाही. ते सापडते थडग्यांत ठेवलेल्या चुनखडीच्या लहान बाहुल्यांत. इ.स.पूर्व २४०० च्या आसपासच्या श्रीमंतांच्या थडग्यांत अशा मूर्ती मिळतात. एक बाई गुडघे टेकून बसली आहे, पुढे झुकली आहे, दोन्ही हातांत दगड धरून तो समोरच्या लांबट, मधोमध खोलगट झालेल्या शिळेवर ढकलीत आहे. आपण ज्याला पाटा-वरवंटा म्हणतो तीच ही जोडी. फरक असा की आपण पाट्यावर चटणी आणि ओले वाटण वाटतो, तर इजिप्तमध्ये धान्याचे पीठही याच रीतीने होत असे. गोल फिरणारे जाते तेथे फार उशिरा, ग्रीक आणि रोमन अंमलाच्या काळात आले. म्हणजे ज्या अडीच-तीन हजार वर्षांचा इजिप्त आपण शाळेत शिकतो, तो सारा इजिप्त पाट्यावरच्या पिठावर जगला. या मूर्ती थडग्यात कशासाठी ठेवीत, तर परलोकी गेलेल्या धन्याला तेथेही पीठ लागणार म्हणून. धनी मेला तरी दळणाऱ्या बाईची सुटका नव्हती.

त्यांचे धान्य कोणते होते, हे सांगितले तर सातारा-सांगलीकडच्या साथींना आश्चर्य वाटेल. इजिप्तचा मुख्य गहू म्हणजे आपला खपली गहू. मळणी झाली तरी याचे टरफल सुटत नाही, दाण्याला घट्ट धरून राहते. त्यामुळे दळण्यापूर्वी तो सडावा लागतो. जमिनीत पुरलेली दगडी उखळे आणि लाकडी मुसळे इजिप्तच्या घरांतून सापडली आहेत. आधी सडणे, मग पाखडणे आणि निवडणे, मग गुडघ्यांवर बसून वाटणे. एवढे झाल्यावर पीठ. आज हाच खपली दादर-माहीमच्या दुकानांत आरोग्यदायी म्हणून चढ्या भावाने विकला जातो. तो घरोघरी खाल्ला जात होता तेव्हा तो सडणाऱ्या हातांच्या आरोग्याची चौकशी झाल्याचे ऐकिवात नाही.

ती चौकशी अखेर हाडांनी केली. सीरियातील अबू हुरेरा या ठिकाणी शेतीच्या अगदी आरंभकाळातील वस्तीचे उत्खनन झाले. तेथील सांगाडे थेया मॉलसन या विदुषींनी तपासले आणि १९९४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. पायाच्या अंगठ्याची झिजलेली हाडे, गुडघ्यांवरच्या खुणा, कमरेच्या खालच्या मणक्यांची दुखापत ही सारी लक्षणे एकाच कामाकडे बोट दाखवीत होती: बोटे मुडपून, गुडघे टेकून, तासन् तास दगड पुढेमागे ढकलणे. आणि ही लक्षणे प्रामुख्याने स्त्रियांच्या सांगाड्यांत होती. शेती आली, धान्य आले, संस्कृती आली, असे आपण म्हणतो. त्या संस्कृतीची पहिली पावती बायकांच्या मणक्यांवर फाडलेली आहे. इजिप्तच्या ममींचे दात झिजून सपाट झालेले आढळतात, कारण वाळवंटाची धूळ आणि दगडाची कच पिठात उतरे. त्याबाबतीत मात्र राजा आणि रयत यांच्यात बरीच समता होती म्हणावयाची.

आता ज्या हकिगतीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. राजांच्या दरीत फारोंची थडगी खोदणारे आणि रंगविणारे कारागीर नाईलच्या पश्चिम तीरावर एका लहानशा गावात राहत. देर अल-मदिना हे त्याचे आजचे नाव. हे सरकारी नोकर होते आणि त्यांना पगार धान्यात मिळे: साध्या कारागिराला महिन्याला सुमारे चार खार खपली आणि दीड खार जव, खार म्हणजे साधारण ७५ लिटरांचे माप. रामसेस तिसरा याच्या कारकीर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ११५७ च्या सुमारास, हा पगार थकला. दिवस उलटत गेले, कोठारे रिकामी असल्याची उत्तरे येऊ लागली. तेव्हा हे कारागीर हत्यारे खाली ठेवून वसाहतीच्या भिंती ओलांडून निघाले आणि मंदिरांच्या आवारामागे जाऊन बसले. आम्हांला भुकेने आणि तहानेने येथवर आणले, आमची कैफियत फारोपर्यंत पोचवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले. थकलेले धान्य मिळाले, पुन्हा थकले, पुन्हा ते बाहेर पडले. हा सारा वृत्तान्त एका लेखनिकाने लिहून ठेवला. तो पपायरस इटलीत तुरीन येथील संग्रहालयात आहे. लेखी नोंद असलेला जगातील पहिला संप म्हणून कामगार चळवळीच्या इतिहासात त्याचा उल्लेख होतो आणि तसा तो व्हावयासच हवा.

पण क्षणभर त्या पगाराकडे पाहा. मजुरी मिळाली ती टरफलासकट दाण्यांत. त्या दाण्यांची भाकरी होण्यासाठी आणखी एक मजुरी लागे आणि ती कोणाच्याही पगारपत्रकात नव्हती. त्या गावात सापडलेल्या खापरांवर आणि दगडी चिपांवर कारागिरांच्या हिशेबाच्या असंख्य नोंदी आहेत. त्यांवरून असे दिसते की सरकारने गावाला काही दासी दिलेल्या होत्या आणि त्यांचे मुख्य काम धान्य दळण्याचे होते. त्यांच्या श्रमाचे दिवस घराघरांत वाटून दिलेले असत. या घरी महिन्याचे इतके दिवस, त्या घरी तितके. आणि हे दिवस कारागीर एकमेकांना विकत, वारसाहक्काने मुलाबाळांना देत. दासी जेथल्या तेथे. तिच्या दिवसांची मालकी तेवढी हातोहात फिरे.

म्हणजे पहिल्या संपातील संपकऱ्यांच्याही हाताखाली कोणी होते. त्या कारागिरांपैकी कित्येकांची नावे, त्यांच्या बायकामुलांची नावे, गैरहजेरीची कारणेसुद्धा आज आपल्याला ठाऊक आहेत. त्या दळणाऱ्या बायका नोंदीत येतात त्या बहुधा दिवसांच्या आकड्याच्या रूपाने. संपाच्या काळात त्या काय करीत होत्या हा प्रश्न लेखनिकाला पडला नाही. दाणाच नव्हता, तेव्हा दळण नव्हते. त्यांना ते काही दिवस विसाव्याचे गेले असतील की सर्वांत आधी उपासाचे, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून ठरवावे. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, असे आपण म्हणतो. जात्याच्या खुंट्यावर हात असलेल्या माणसाला मात्र त्या म्हणीत जागा नाही.

कारागिरांना मी येथे आरोपी करीत नाही. उपाशी माणसाने धान्य मागितले यात कसलेच पाप नाही. मला फक्त इतके दाखवावयाचे आहे की कामगाराची मजुरी आणि कामगाराची भाकरी यांच्यामध्ये एक दगड आहे आणि त्या दगडाशी कोण बसते हे विचारल्याशिवाय मजुरीचा हिशेब पुरा होत नाही.

महाराष्ट्रात ही गोष्ट निराळी घडली असे मानण्यास आधार नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षे उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांतही चुली, कणग्या आणि पाट्यासारखे दळणाचे दगड आहेत. पुढे सातवाहनांच्या काळात आपल्याकडे फिरते जाते रुळले. नेवाशाच्या उत्खननात मिळालेल्या अशा जात्यांकडे डॉ. सांकळिया यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. जाते ही फार मोठी सुधारणा होती. पुढेमागे ढकलण्याऐवजी गोल फिरविणे आले, गुडघ्यांवरचा भार गेला, समोरासमोर बसून दोघींना एकच खुंटा ओढता येऊ लागला. दगड बदलला, बैठक बदलली. बसणारी बदलली नाही.

आपल्या संतपरंपरेने या कामाची जेवढी दखल घेतली तेवढी जगात क्वचितच कोठे घेतली गेली असेल. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी, आणि तिच्या जात्याशी विठ्ठल येऊन बसला, ही कथा मराठी मुलाला आईच्या दुधाबरोबर मिळते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनीचे जाते म्हणून आजही दाखवितात. देवाने खुंट्याला हात लावावा असे ज्या समाजाला सुचले त्या समाजाला त्या कामाचे कष्ट पुरेपूर ठाऊक होते. मात्र देव आला तो रात्रीचा. दिवसा घरातल्या पुरुषांपैकी कोणी खुंट्याला हात लावल्याचे कथा सांगत नाही.

घरातले पुरुष दळण्यास बसले ते इंग्रजांच्या तुरुंगात. सक्तमजुरीच्या कैद्याला चक्कीवर धान्य दळावयास लावणे हा तेव्हाच्या कारागृहांचा शिरस्ता होता. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेलेले मौलाना हसरत मोहानी यांच्या चक्कीची आठवण उर्दू काव्याला आजही आहे, आणि त्यांच्यानंतर किती सत्याग्रहींनी ती ओढली याची गणती नाही. देशभक्तांच्या हालअपेष्टांचे वर्णन करताना आपण चक्कीचा उल्लेख आवर्जून करतो. तो करताना हे ध्यानात घ्यावे की कायद्याने पुरुषाला जी शिक्षा म्हणून दिली, तेच काम त्याच्या घरात पहाटे तीन वाजता उठून कोणी तरी खटल्याशिवाय करीत होते आणि त्याला संसार असे नाव होते.

या पहाटेच्या कामातून ओवी जन्माला आली. हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांत हिंडून, बायकांशी बोलून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. सासर, माहेर, भाऊ, लेक, पंढरी, रामसीता, आणि दलित वस्त्यांतून बाबासाहेब, असे सारे विश्व त्यांत आहे. पुढे पिठाची गिरणी गावोगाव आली, पहाटेची घरघर थांबली आणि ओव्याही थांबल्या. त्याबद्दल हळहळणारे लेख मी बरेच वाचले आहेत. हळहळ खोटी आहे असे मी म्हणणार नाही, कारण तेवढा एकच एकांत त्या बाईला होता. पण ओवी टिकावी म्हणून कोणत्या लेखकाने आपल्या घरी रोज चार शेर दळण्याची तयारी दाखविल्याचे मला आढळले नाही.

दळणाऱ्या बाईपेक्षाही ज्यांची उपेक्षा झाली ते म्हणजे दगड घडविणारे आणि त्याला टाकी लावणारे. दगड वापराने गुळगुळीत होतो. मग दाणा भरडत नाही, नुसता घसरतो. म्हणून ठराविक काळाने छिन्नीने त्याचे तोंड पुन्हा खडबडीत करून घ्यावे लागते. मुंबईच्या चाळींतून टाकीवाल्यांची आरोळी ऐकलेली माणसे या सभेतही असतील. जाते वडार, गिरणी वडार, पाथरवट, पाथरूट, टकारी ही नावेच धंद्याची नावे आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी या फिरत्या समाजांपैकी अनेकांना जन्मतः गुन्हेगार ठरविले. ज्या घराची भाकरी त्यांच्या टाकीवाचून होत नव्हती, त्याच घराने त्यांच्याकडे संशयाने पाहावे अशी ही व्यवस्था होती. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे हा शिक्का राहिला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. कागदावरचा शिक्का पुसला तरी पोलीस चौकीतला पुसावयास किती अवधी लागतो, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने १९८७ साली मराठी वाचकाला दाखवून दिले. आज जाते गेले, पाटाही जवळजवळ गेला. एखादी वडार बाई फूटपाथवर खलबत्ते आणि लहान पाटे मांडून बसलेली दिसते, एवढेच.

आता गिरणगावाकडे. मराठीत पिठाचीही गिरणी आणि कापडाचीही गिरणीच, हा शब्दाचा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. हातजात्याबरोबर सरंजामदाराचा समाज येतो आणि वाफेच्या गिरणीबरोबर भांडवलदाराचा, असे मार्क्सने १८४७ मध्ये मांडले. विधान गाजलेले आहे. परंतु परळ-लालबागचा इतिहास पाहिला तर ही दोन यंत्रे एकामागून एक आली असे दिसत नाही; ती एकाच वेळी, एकाच कुटुंबात चालत होती. घरधनी परळच्या गिरणीत साच्यावर उभा आणि त्याची बायको रत्नागिरीच्या खेड्यात नाचणी दळीत बसलेली. गिरणीमालकाने मजुरी दिली ती एका माणसाच्या पोटापुरती. कुटुंबाचे उरलेले पोट त्या जात्यावर आणि डोंगरउतारावरच्या वरकस तुकड्यावर भरले गेले. मालकाच्या हिशेबवहीत कोकणातले ते जाते कधी आले नाही, पण त्याच्या नफ्यात त्याचा वाटा होता.

आणि मुंबईत एकट्या राहणाऱ्या त्या कामगाराला कोणी जेवू घातले? खानावळवाल्या बायकांनी. पाळीनुसार पहाटेपासून रात्रीपर्यंत पाट्यावर वाटण, चुलीवर भाकरी, आणि पैसे मिळावयाचे ते गिरणीचा पगार झाल्यावर. १९७३-७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपात कामगारांना पगार नव्हता. ते जेवले ते या बायकांच्या उधारीवर. संप चालविण्यात युनियनच्या निधीइतकाच या उधारीचा हात होता, असे माझे मत आहे. त्या बायका सावकाराकडे दागिने ठेवून बाजार आणीत. हे ज्यांना प्रथम डोळसपणे दिसले त्यांत प्रेमा पुरव होत्या. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खानावळवालीला बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेच्या कागदावर तिच्या नावापुढे व्यवसाय असा शब्द तेव्हा लागला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो कसा चिघळला आणि गिरण्यांचे काय झाले, हे येथे नव्याने सांगावयास नको. त्या संपाची पुस्तके आता कपाटभर आहेत. त्यांत खानावळीची पाने किती, हे एकदा मोजून पाहावे.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या तेव्हा स्वयंपाकघरातले हत्यार प्रथमच मुंबईच्या राजकारणात उगारले गेले. वरवंटा आला नाही. तो उचलून मोर्च्यात चालणे अवघड हे एक कारण, आणि वरवंटा धरणारीला मोर्च्याला येण्याइतकी सवड कोठून, हे दुसरे.

यंत्राने ही सवड मिळावी अशी आशा फार जुनी आहे. पाणचक्की आली तेव्हा अंतिपात्रोस या ग्रीक कवीने दळणाऱ्या दासींना आता निवांत झोपण्यास सांगितले. मार्क्सने 'भांडवला'च्या पहिल्या खंडात ही कविता आठवून उपहासाने म्हटले आहे की यंत्र हे कामाचा दिवस लांबविण्याचे उत्तम साधन आहे, हे त्या भोळ्या प्राचीनांना कळले नव्हते. आपल्याकडे १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी मुंबईतच भारतीय वाटणाला झेपेल असा मिक्सर बनविला. पाट्याचे अर्ध्या तासाचे काम काही मिनिटांवर आले. याला मी छोटी गोष्ट म्हणणार नाही. अमार्ना येथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कामगारवस्तीत कोणा घरच्यांनी मातीच्या विटांचा ओटा बांधून दळणाचा दगड उंचावर बसविला होता, त्यामुळे बाईला गुडघे टेकण्याऐवजी उभ्याने दळता आले. अशा सुधारणांची थट्टा करणारा माणूस कधी दळावयास बसलेला नसतो. पण वाचलेली मिनिटे गेली कोठे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात. पुरुषांपैकी जे ती करतात ते ८८ मिनिटे. आणि ज्या घरांत ही मिनिटे खरोखरच वाचली, तेथे बहुधा ती धारावीच्या बाजूने माहीम स्थानकाचा पूल ओलांडून येणाऱ्या दुसऱ्या बाईच्या दिवसातून आली आहेत. तिचे दिवसही घराघरांत वाटलेले असतात.

रेशन दुकानावर २०२३ च्या जानेवारीपासून अन्नसुरक्षा कायद्याचे धान्य मोफत मिळते. ते मिळते गहू आणि तांदूळ या रूपाने, म्हणजे देर अल-मदिनासारखेच दाण्यांत. निवडणे, गिरणीपर्यंत डोक्यावर वाहणे, दळणाचे पैसे देणे आणि रांगेत उभे राहणे हे कोणत्याही आदेशात नाही. पुढच्या महिन्यात आपला पक्ष या विभागात घरोघर पाहणी करणार आहे. तिच्या छापील अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहून पुढे 'उत्पन्न : नाही' असे भरण्याचा प्रघात आहे, जनगणनाही घरकाम करणारीला काम न करणाऱ्यांतच धरते. माझी सूचना अशी की अर्ज छापावयास जाण्यापूर्वी त्यात दोन प्रश्न घालावेत: या घरात दळण, वाटण, पाणी आणि स्वयंपाक कोण करते, आणि त्यास दिवसाचे किती तास लागतात. उत्तर घरातल्या पुरुषाकडून घेऊ नये. अर्ज शनिवारी छापखान्यात जावयाचे आहेत, तेव्हा चर्चा आताच करू.